शहराच्या अभ्यासाची एक शाळा

1953 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात उष्ण कटिबंधातल्या वास्तुकलेवर एक परिषद भरली. तिच्यामागे आडेडोकुन आडेयेमी या नायजेरियन विद्यार्थ्याची तक्रार होती. इंग्लंडमध्ये राहून मी जे शिकतो आहे, त्याचा माझ्या देशातल्या उन्हापावसात काय उपयोग? तक्रार साधी होती आणि रास्तही. पुढच्याच वर्षी आर्किटेक्चरल असोसिएशन या वास्तुशाळेत उष्ण कटिबंधीय वास्तुकलेचा विभाग सुरू झाला. 1971 मध्ये तो युनिव्हर्सिटी कॉलेजात गेला आणि ‘डेव्हलपमेंट प्लॅनिंग युनिट’ या नावाने ओळखला जाऊ लागला. आज ‘डीपीयू’ बार्टलेट विद्याशाखेचा भाग आहे. टॅव्हिस्टॉक स्क्वेअर या चौकात, जिथे गांधीजींचा बैठा पुतळा आहे, तिथेच त्याची इमारत आहे. शाश्वत नगरविकास, पर्यावरण, नगररचना, गृहनिर्माण अशा विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेण्यासाठी जगभरातून विद्यार्थी इथे येतात.

या संस्थेची जडणघडण समजून घ्यायची तर ओटो कोनिग्सबर्गर यांच्याकडे वळावं लागतं, आणि ती वाट भारतातून जाते. बर्लिनमध्ये शिकलेला हा ज्यू वास्तुविशारद हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनीतून बाहेर पडला, काही काळ इजिप्तमध्ये राहिला आणि 1939 मध्ये म्हैसूर संस्थानचा मुख्य वास्तुविशारद झाला. त्यांनी टाटांसाठी जमशेदपूरचा आराखडा केला. 1946 मध्ये मुंबईत ‘मार्ग’ हे नियतकालिक सुरू झालं, तेव्हा त्याच्याभोवती जमलेल्या मंडळींत तेही होते. भुवनेश्वरची 1948 ची मूळ आखणी त्यांची. त्या शहराचे जुने भाग आजही ‘युनिट’च्या क्रमांकांनी ओळखले जातात. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारचे गृहनिर्माण संचालक म्हणून त्यांनी फाळणीत विस्थापित झालेल्यांसाठी फरिदाबादसारख्या वसाहतींवर काम केलं. दिल्लीत तयार भिंती ओतून घरं जोडण्याचा सरकारी कारखाना काढला गेला. तो फसला आणि 1951 मध्ये ते भारत सोडून गेले. 1957 पासून लंडनचा तो विभाग त्यांच्याकडे होता. लाखो माणसं एकदम बेघर झाली की कागदावरच्या योजनेचं काय होतं, हे त्यांनी भारतात पाहिलं होतं. माझ्या मते त्या शाळेची खरी पायाभरणी इथेच झाली.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते त्यांचं घानामधलं काम. 1950 च्या दशकाच्या मध्यावर संयुक्त राष्ट्रांच्या वतीने चार्ल्स अब्रॅम्स आणि व्लादिमिर बोडियान्स्की यांच्याबरोबर ते तिथल्या घरांचा प्रश्न पाहायला गेले. लोक मातीच्या भिंती स्वतःच्या हाताने उभ्या करत होते, पण छप्पर, दारं, खिडक्या यांना रोख पैसा लागे. तो जमेपर्यंत पाऊस भिंतींची माती करून टाके. मग घर बांधून द्यायचंच कशाला? छपरासाठी कर्ज द्या, असा त्यांनी सल्ला दिला. सरकारने घर बांधावं, लोकांनी ते घ्यावं, ही सवयीची मांडणी या एका सूचनेने उलटी झाली. ज्याला शहर घडवायचं आहे त्याने आधी लोक काय करतात ते पाहावं आणि त्यांचं काम जिथे अडतं नेमका तिथे हात द्यावा, हा डीपीयूतल्या शिक्षणाचा गाभा आहे.

यातूनच कोनिग्सबर्गर यांचा ‘अ‍ॅक्शन प्लॅनिंग’चा विचार आला. वीस वर्षांचं चित्र आधी रेखाटून त्याला चिकटून राहण्याऐवजी काम सुरू करा, परिणाम तपासा, सुधारा. 1963 मध्ये सिंगापूरला गेलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या मंडळानेही हाच मार्ग सुचवला. आपल्या वाचकाला हे लगेच कळेल. मुंबईचा 1981 ते 2001 या काळासाठी केलेला विकास आराखडा टप्प्याटप्प्याने मंजूर होत होत 1994 उजाडलं. तोवर मूळ मुदतीतली तेरा वर्षं सरली होती.

डीपीयूतला अभ्यासक्रम पूर्णवेळ केला तर वर्षभराचा असतो. वर्गात वास्तुविशारद, अभियंते, अर्थशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते, पालिकेतले अधिकारी एकत्र बसतात. हिवाळाभर सिद्धान्त आणि वाद चालतात, पुढे कुठल्या तरी शहरात प्रत्यक्ष क्षेत्रकाम, आणि उन्हाळ्यात प्रबंध. सिद्धान्तही पुस्तकी नव्हेत. 1980 च्या दशकात इथे शिकवणाऱ्या कॅरोलिन मोझर यांनी विचारलं, की नियोजनात ‘कुटुंब’ म्हणताना नेमकं कोणाचं घर डोळ्यांसमोर असतं? बाई नोकरी करते, घर सांभाळते, शिवाय वस्तीच्या पाण्यासाठी रांगेतही तीच उभी राहते. बसचा मार्ग किंवा नळाची जागा ठरवणारा आराखडा ही तिन्ही कामं एकत्र पाहत नसेल, तर तो तिच्या दिवसाचे तास खातो. ‘शाश्वत’ म्हटलं की झाडं आणि सौरऊर्जा एवढंच डोळ्यांसमोर येणाऱ्यांनी मोझर जरूर वाचाव्यात.

2009 मध्ये इथल्या नागरी आराखड्याच्या अभ्यासक्रमाचे विद्यार्थी धारावीत आले. त्या वेळी पाच विभागांत जमीन वाटून उंच इमारती उभारण्याची पुनर्विकास योजना चर्चेत होती. कुंभारवाडा पाहिला की या योजनेची अडचण दिसते. तिथे राहणं, चाक, सुकवणी आणि सामायिक भट्टी सारं जमिनीवर, एकमेकांना लागून आहे. सातव्या मजल्यावरच्या खोलीत हा धंदा चढवायचा कसा? घर वाचवून पोट घालवणारं पुनर्वसन मला पुनर्वसन वाटत नाही, आणि हा भेद शिकायला धारावीच्या गल्ल्यांइतका चांगला वर्ग लंडनमध्ये मिळणार नाही.

पण एक प्रश्न मला सतत टोचतो. सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनच्या किंवा धारावीच्या रहिवाशांकडून शिकायचं, पदवी मात्र लंडनने द्यायची, तीही बहुतेकांच्या आवाक्याबाहेरच्या शुल्कात. शिष्यवृत्त्या आहेत, पण थोड्यांसाठीच. या असमतोलाचं जे उत्तर मला पटतं, ते सिएरा लिओनमध्ये आहे. डीपीयू आणि तिथलं न्जाला विद्यापीठ यांनी मिळून 2015 मध्ये फ्रीटाउनमध्ये नगर-संशोधन केंद्र काढलं. फ्रीटाउनमधल्या गरीब वस्त्या एकीकडे उतरत्या डोंगरांवर, दुसरीकडे समुद्राच्या काठी चिखल-कचऱ्याचा भराव घालून वसलेल्या आहेत. ऑगस्ट 2017 मधल्या भूस्खलनात तिथे हजारावर माणसं मृत किंवा बेपत्ता झाली. आता लंडनहून येणारा विद्यार्थी तिथे पोहोचतो, तेव्हा स्थानिक संशोधक त्याला वाट दाखवायला आधीपासूनच हजर असतात.