टॉर्शन बार सस्पेन्शन आणि गाडीची उंची

टॉर्शन बार सस्पेन्शन ही चाकांना बसणारे धक्के पोलादी दांडीच्या पिळात सामावून घेणारी मोटारगाडीतील रचना होय. या दांडीस मराठीत 'पीळदांडी' म्हणता येते. मालमोटारीच्या पाट्यांत पोलाद वाकते, तर पीळदांडीत ते पिळले जाते. वेटोळ्या स्प्रिंगची तारही प्रत्यक्षात पिळलीच जाते. त्या दृष्टीने पीळदांडी म्हणजे सरळ केलेली स्प्रिंगच.

1934 सालच्या सिट्रोएन ट्रॅक्शन अव्हांत या फ्रेंच मोटारीत पीळदांड्या होत्या. भारतीयांना अधिक परिचित उदाहरण म्हणजे हिंदुस्तान अ‍ॅम्बॅसडर. मॉरिस ऑक्सफर्डवर आधारलेल्या या गाडीच्या पुढच्या चाकांना पीळदांड्यांचाच आधार होता. टी-72 रणगाड्याची चाकेही पीळदांड्यांवर असतात. पुण्यात तयार झालेल्या टाटा सफारीत (1998) पुढे पीळदांड्या होत्या; 2012 च्या सफारी स्टॉर्ममध्ये त्यांची जागा वेटोळ्या स्प्रिंगांनी घेतली. मित्सुबिशी पजेरो एसएफएक्समध्येही हीच रचना आढळते. खराब रस्त्यांसाठी उंच केल्या जाणाऱ्या जुन्या गाड्यांत या दोहोंचा समावेश होतो.

== रचना ==

दांडीचे एक टोक चाक धरून ठेवणाऱ्या आडव्या भुजेला आणि दुसरे टोक चासीला जोडलेले असते. चासीकडील टोकावर एक लहान तरफ असून तिला समायोजनाचा बोल्ट टेकलेला असतो. चाक खड्ड्यातून वर उचलले गेले की भुजा फिरते व दांडी पिळली जाते. धक्का ओसरताच दांडी पूर्वस्थितीत येते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण दोराच्या पिळाविषयी आहे. पोलादी दांडीचा गुण नेमका उलटा आहे: पीळ देऊन पुन्हा सोडणे हेच तिचे काम.

दांडीचा ताठरपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या समप्रमाणात आणि लांबीच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्यामुळे जाडीतील अल्प फरकही मोठा परिणाम घडवतो. 25 मिलिमीटर व्यासाच्या दांडीऐवजी तेवढ्याच लांबीची 27 मिलिमीटरची दांडी बसवली, तर व्यास आठ टक्क्यांनी वाढतो, पण ताठरपणा सुमारे 36 टक्क्यांनी वाढतो.

== बोल्ट आवळून उंची वाढवणे ==

हिंगोली जिल्ह्याच्या मोठ्या भागात काळी कसदार जमीन आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते. पाणंद रस्त्यावरील खोल चाकोऱ्यांत गाडीचे पोट टेकते आणि चाके जागीच फिरू लागतात. त्यामुळे गाडी उंच करण्याची इच्छा स्वाभाविक आहे. पीळदांडीच्या गाडीत त्यासाठी सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे समायोजनाचा बोल्ट आवळणे. पाना फिरवताच गाडीचे नाक वर येते.

बोल्ट आवळल्याने दांडी अधिक ताठर होते, हा याविषयीचा सर्वांत रूढ गैरसमज होय. दांडीची जाडी व लांबी तीच राहते. तिने पेलायचे वजनही तेवढेच असते, म्हणून उभ्या गाडीतील दांडीचा पीळ जवळजवळ पूर्वीइतकाच राहतो. बदलतो तो केवळ भुजेचा कोन. वेगळ्या कोनात घडवलेल्या तयार तरफा बाजारात मिळतात. त्याही हेच काम करतात. त्यांनी बोल्टला जागा मिळते, दांडीला बळ मिळत नाही.

तरीही गाडी कडक भासते, याचे कारण निराळे आहे. समजा, एखाद्या गाडीचे चाक मूळ स्थितीपासून 80 मिलिमीटर वर आणि 80 मिलिमीटर खाली जाऊ शकते. बोल्टने नाक 50 मिलिमीटर उचलले, तर खाली जाण्यासाठी केवळ 30 मिलिमीटर उरतात. चाक खड्ड्यात उतरू लागताच भुजा खालच्या अडथळ्यावर आदळते. हा आघात चालकाला ताठरपणा वाटतो.

खाली जाण्याची ही क्षमता चिखलात सर्वांत मोलाची असते. चाकोरीत उतरू न शकणारे चाक अधांतरी राहते, साध्या डिफरन्शियलमुळे तेच गरगर फिरते आणि जमिनीवरचे चाक थबकते. म्हणजे ज्या चिखलासाठी गाडी उंच केली, त्याच चिखलात ती अडकण्याचा धोका वाढतो.

चारही चाकांना गती देणाऱ्या गाडीत पुढील चाकांच्या अर्धदंडांचे सांधे अधिक तिरपे होतात. त्यांवरचे रबरी बूट ताणून फाटले की ग्रीस बाहेर येते व माती आत शिरते. बॉल जॉइंट झिजतात, चाकांचे अलाइनमेंट बिघडून टायर एका कडेने घासला जातो, आणि हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो. ही शेवटची बाब किरकोळ समजली जाते. रात्रीच्या रस्त्यावर ती किरकोळ नाही.

== योग्य सुधारणा ==

विंच किंवा कायमचे सामान यांमुळे पुढचा भार खरोखर वाढला असेल, तर जाड दांडी समर्थनीय ठरते. ती तोच भार कमी पिळात पेलते; त्यामुळे पूर्वीच्याच समायोजनावर गाडी उंच बसते. म्हणून जाड दांडी बसवल्यावर बोल्ट सहसा सैल करावा लागतो. भार न वाढवता जाड दांडी घातल्यास गाडी निष्कारण आदळत चालते.

खरी उंची हवी असल्यास वरच्या भुजा, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि ब्रेकचे नळ नव्या उंचीला अनुरूप असावे लागतात. चौचाकी चालन असल्यास पुढील डिफरन्शियलही खाली घ्यावे लागते. हे काम खर्चाचे आहे. त्या मानाने थोडे मोठे, चिखलास योग्य टायर निवडणे पुष्कळदा पुरेसे ठरते, कारण पुढील डिफरन्शियल भुजांच्या गाडीत चासीवर असले, तरी मागील अखंड आसाचा मध्यभाग जमिनीपासून वर येतो तो केवळ टायरच्या उंचीनेच.

डाव्या व उजव्या दांड्यांची अदलाबदल करू नये. कारखान्यात प्रत्येक दांडीला तिच्या कामाच्या दिशेने आधीच जादा पीळ दिलेला असतो, आणि उलट दिशेने वापरल्यास ती लवकर तुटते. खुणेसाठी छिन्नीने ओरखडा काढणे, वेल्डिंग करणे किंवा तापवणे हेही वर्ज्य आहे. अशा जागीच तडा सुरू होतो. दांडी काढण्यापूर्वी चासी भक्कम स्टँडवर टेकवून, चाक मोकळे लोंबू देऊन बोल्ट सावकाश पूर्ण सैल करावा लागतो. पिळलेली दांडी अचानक सुटल्यास तरफ जीवघेण्या वेगाने फिरू शकते.

== कायदेशीर बाजू ==

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांहून वेगळे ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मधील निकालात ही भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये परवानगीविना बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत समायोजन बोल्ट फिरवणे हा दुरुस्तीचा भाग होय, कारण जुन्या दांड्या थोड्या बसतात आणि गाडीची उंची घटते. त्यापलीकडचा बदल करण्यापूर्वी हिंगोलीतील वाहनमालकाने (नोंदणी संकेतांक एमएच 38) परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे चौकशी करणे आवश्यक ठरते.