मूळ शोधायचं तर…

कोरियन युद्धानंतर दक्षिण कोरियातून दीड लाखाहून अधिक मुलं परदेशी दत्तक गेली. त्यातली अनेक आज चाळिशी-पन्नाशीत स्वतःचा उगम शोधत आहेत. आपल्याकडूनही मुलं गेलीच. फाल्गुन बिनेनडाइक यांचा जन्म १९८५चा, नागपूरचा. मातृ सेवा संघातून ते तान्हेपणीच नेदरलँड्सला गेले. पुढे तिथल्या हेमस्टेडचे महापौर झाले, आणि जन्मदात्या आईच्या शोधात नागपूरला आले. पुण्यात जन्मून जर्मनीत वाढलेल्या अरुण डोहले यांना तर स्वतःचे कागद पाहण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली.

परदेशी दत्तकासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९८४मध्ये, लक्ष्मीकांत पांडे खटल्यात, नियम घालून दिले. ‘कारा’ ही दत्तकविषयक केंद्रीय यंत्रणा १९९०ची. त्याआधीच्या नोंदी त्या-त्या संस्थेच्या कपाटावर अवलंबून!

आजच्या नियमांनुसार १८ वर्षांवरील दत्तक व्यक्ती मूळशोधाचा अर्ज स्वतः करू शकते; त्रयस्थाला परवानगी नाही. मूल स्वाधीन करणाऱ्या आईने नकार दिला, तर तिची ओळख उघड केली जात नाही. हे कठोर वाटलं तरी योग्यच आहे.

चौक, कर्जत, खालापूरच्या वाचकांनी दत्तकविषयक चौकशी अलिबागच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात करावी.