यंत्र तयार आहे, गिऱ्हाईक कुठे?

वर्धा शहराला खेटून असलेली पिपरी मेघेची वस्ती मागे पडली, की थोड्याच अंतरावर कपाशीची शिवारे लागतात. शेवटचा वेचा झाल्यावर तिथे उरते ती पऱ्हाटी. हेक्टरी साधारण दोन ते तीन टन काड्या! थोड्या चुलीत जातात, थोड्या कुंपणाला लागतात आणि राहिलेल्या धुऱ्यावर पेटवल्या जातात. धूर सगळ्यांना दिसतो. पण न पेटवता धुऱ्यावर रचून ठेवलेला ढीगही निरुपद्रवी नसतो. काड्यांना चिकटून राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत पडून राहते आणि पुढच्या हंगामाची वाट पाहते. २०१७च्या हंगामात या अळीने विदर्भात काय केले, हे कापूस पिकवणाऱ्या कुणाला सांगायला नको. तेव्हापासून कृषितज्ज्ञ कानीकपाळी ओरडत आहेत, की फरदड (हंगामानंतर त्याच झाडांवर लांबवलेले पीक) घेऊ नका, पऱ्हाटी शेतातून वेळेत हलवा.

हलवायची, पण कुठे?

याचे उत्तर विज्ञानाकडे आहे, आणि तेही आजचे नव्हे. पऱ्हाटीची काडी गुणाने लाकडाच्या जवळची आहे. एक किलो काडीत सुमारे चार हजार किलोकॅलरी उष्णता असते, म्हणजे आपल्या वीजकेंद्रांत जळणाऱ्या देशी कोळशाच्या आसपास. काडीचे तुकडे करायचे, ते वाळवायचे, भरडायचे आणि छिद्रे असलेल्या पोलादी साच्यातून प्रचंड दाबाने ढकलायचे. सोऱ्यातून शेव पडावी तशी पेलेट पडू लागते. त्यात वेगळा डिंक घालावा लागत नाही. काडीतले लिग्निन उष्णतेने मऊ होते, थंड झाले की घट्ट बसते आणि तेच बांधणीचे काम करते. मुंबईच्या माटुंग्यात १९२४ साली सुरू झालेल्या कापूस प्रयोगशाळेचे आजचे रूप म्हणजे ‘सिरकॉट’ ही केंद्रीय संस्था. तिने पऱ्हाटीपासून पेलेट, ब्रिकेट, कंपोस्ट आणि पार्टिकल बोर्ड बनवण्याच्या पद्धती बसवल्या आहेत. तिचे एक केंद्र नागपुरातच आहे.

मग गावोगावी हे कारखाने का दिसत नाहीत? कारण प्रयोगशाळेतली चाचणी आणि गावातला धंदा यांच्यामध्ये एक लांब, खर्चिक आणि कंटाळवाणा टप्पा असतो. पऱ्हाटी हलकी पण पसरट. ट्रॉली भरते, वजन भरत नाही. माल मिळतो दोन-तीन महिने, यंत्राचा हप्ता मात्र बारा महिने. काड्यांबरोबर आलेली माती-वाळू साचा झिजवते. हे सारे प्रश्न सोडवण्याजोगे आहेत, पण त्यासाठी दोन-तीन हंगाम यंत्र चालवून, बिघडवून, पुन्हा दुरुस्त करून पाहावे लागते. न रुळलेल्या यंत्रावर बँक कर्ज देत नाही. शास्त्रज्ञाचे काम शोधनिबंधापाशी संपलेले असते आणि छोट्या कारखानदाराच्या खिशात एक हंगाम वाया घालवण्याची ताकद नसते.

नेमक्या याच टप्प्यासाठी सरकारी पैसा वापरण्याची कल्पना अमेरिकेत रुजली. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानात रोलंड टिबेट्स यांनी १९७७मध्ये छोट्या कंपन्यांच्या संशोधनासाठी योजना सुरू केली आणि १९८२मध्ये तिचा कायदा झाला. संशोधनावर मोठा खर्च करणाऱ्या सरकारी खात्यांनी त्यातला ठरावीक हिस्सा छोट्या उद्योगांना दिलाच पाहिजे, असे बंधन आले. शेती खाते आणि पर्यावरण संस्था दोन्ही त्यात आहेत. पहिल्या टप्प्यात कल्पना चालते का ते पाहायचे, दुसऱ्यात यंत्र उभे करायचे, तिसऱ्यात बाजार गाठायचा. क्वालकॉम ही आज जगभर पसरलेली कंपनी लहान असताना याच पैशावर संशोधन करत होती. भारतात जैवतंत्रज्ञान विभागाने २००५मध्ये अशी योजना आणली, आणि २०१२पासून ‘बायरॅक’ ही सरकारी कंपनी हे काम पाहते. तिच्या ‘बिग’ योजनेत नव्या कल्पनेला दीड वर्षासाठी पन्नास लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. कृषी मंत्रालयाच्या ‘रफ्तार’ योजनेत शेतीतल्या नवउद्योगाला सुरुवातीला पाच लाख आणि पुढच्या पायरीवर पंचवीस लाखांपर्यंत मदत आहे. सिरकॉट हे तिचे एक केंद्र.

आपल्याला मात्र हा विचार परदेशातून शिकावा लागला नाही. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटी आजच्या कुठल्याही अनुदान-समितीने समोर ठेवाव्यात अशा आहेत. किंमत दीडशे रुपयांच्या आत, आयुष्य किमान वीस वर्षे, दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून कमी आणि बाईला आठ तास फारसे न दमता चालवता यावे इतके सोपे यंत्र. किर्लोस्करांच्या कारखान्यात तयार झालेला एक नमुना चाचणीपर्यंत पोहोचला, पण अटींत बसला नाही. ते बक्षीस कुणालाच मिळाले नाही.

बक्षिसाची मर्यादा इथेच दिसते. ते यश मिळाल्यावर पैसे देते. प्रयोग फसत असतानाचा खर्च ज्याचा त्याने सोसायचा. तमिळनाडूच्या एकंबरनाथन यांच्या कल्पनेतून पुढे आलेला अंबर चरखा देशभर पोहोचला, तो स्वातंत्र्यानंतर सरकार त्याच्यामागे उभे राहिल्यावर. १९५५च्या कर्वे समितीने त्याची पाठराखण केली होती.

मधल्या काळात वर्ध्यात पाया घातला गेला होता. १९३४च्या डिसेंबरमध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पा यांनी मगनवाडीत तेलघाणी, हातकागद, चूल यांवर प्रयोग चालवले. १९३८मध्ये तिथे मगन संग्रहालय उघडले. त्याच परिसरात १९५५मध्ये जमनालाल बजाज केंद्रीय संशोधन संस्था आली आणि २००८मध्ये तिचेच रूपांतर महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत, म्हणजे ‘एमगिरी’त झाले. ही संस्था केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची. तिच्या उभारणीला आयआयटी दिल्लीचा हात लागला. खादी, जैवप्रक्रिया, ग्रामीण ऊर्जा, रसायने असे तिचे विभाग आहेत. सौर चरख्यावर इथेच काम झाले. २०१६मध्ये बिहारच्या नवादा जिल्ह्यातील खानवा गावात तो प्रत्यक्ष चालवून पाहिला गेला आणि २०१८मध्ये केंद्राने पन्नास समूहांसाठी ५५० कोटींची सौर चरखा मोहीम सुरू केली.

वर्ध्याजवळच्याच दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने वेगळी वाट धरली. आग्या मोहळ जाळून मध काढण्याऐवजी अंगभर पोशाख घालून पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायचा आणि अंडी-अळ्यांचा भाग शाबूत ठेवायचा, ही रीत त्याने मध गोळा करणाऱ्यांना शिकवली. माश्या जगतात, तेच पोळे पुन्हा मध देते आणि शिवारातल्या पिकांचे परागीभवनही चालू राहते. यंत्र जवळजवळ नाहीच; तरीही हे पर्यावरणाचेच तंत्रज्ञान आहे.

या साऱ्यात लंगडी बाजू राहते ती तिसऱ्या, म्हणजे बाजार गाठण्याच्या टप्प्याची. अनुदानावर यंत्र उभे राहते, पण पहिली मोठी ऑर्डर कोण देणार? खरे तर सरकारच देऊ शकते. केंद्रीय खाती आणि सार्वजनिक कंपन्यांनी वार्षिक खरेदीतला २५ टक्के हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा, असे धोरण आहे. ऊर्जा मंत्रालयाने २०२१मध्ये औष्णिक वीजकेंद्रांना कोळशात पाच टक्के जैवभाराच्या पेलेट मिसळायला सांगितले. कोराडी, खापरखेडा, मौदा आणि चंद्रपूर ही मोठी वीजकेंद्रे वर्ध्याच्या दोन बाजूंनाच आहेत. नागपूरच्या दहनघाटांवर शेतातल्या काडीकचऱ्याच्या ब्रिकेट लाकडाऐवजी वापरल्या गेल्या, त्या असे गिऱ्हाईक पुढे आल्यामुळेच. पऱ्हाटी आणि वीजकेंद्र दोन्ही इथेच असताना मधला छोटा पेलेटवाला उभा राहत नसेल, तर दोष विज्ञानाचा नाही, खरेदीच्या व्यवस्थेचा आहे. निविदेच्या अटी मोठ्या पुरवठादाराच्या मापाने बेतल्या, तर संशोधनाला दिलेले अनुदानही वाया जाते.

वर्ध्याच्या आसपास अभियांत्रिकी शिकणाऱ्या किंवा गावात वर्कशॉप चालवणाऱ्या तरुणांनी यासाठी मुंबई-दिल्ली गाठण्याची गरज नाही. एमगिरी मगनवाडीत आहे, कृषी विज्ञान केंद्र सेलसुऱ्याला आणि सिरकॉटचे केंद्र नागपुरात. ‘बिग’साठी वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, अर्ज मागवले जातात. अर्ज लिहायला बसण्यापूर्वी दुरुस्तीचा खर्च आणि पहिल्या गिऱ्हाइकाचे नाव कागदावर मांडावे.