डेटा सेंटरमधली रांग



आपल्या बुऱ्हाणपुरातल्या बऱ्याच मराठी घरांतली मुले-मुली आज पुणे, नवी मुंबई, बंगळूरला 'नेटवर्किंग'मध्ये आहेत. नेमके काम काय, हे विचारले की "बँडविड्थ, ट्रॅफिक" असे काही उत्तर मिळते आणि विषय तिथेच संपतो. आम्ही बी.कॉम. झालेले, नोकरी बँकेत केलेले, इंजिनिअर नव्हे. पण हा विषय मुळात रांगेचा आहे, आणि रांग आम्हाला कळते.

डेटा सेंटर म्हणजे एका इमारतीत ठेवलेले हजारो संगणक, केबलने एकमेकांना जोडलेले. ही जोडणी बहुतेक ठिकाणी इथरनेट पद्धतीची असते. १९७३ मध्ये अमेरिकेत झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी ती मांडली. माहितीचे साधारण १५०० बाइटपर्यंतचे तुकडे, म्हणजे पॅकेट, स्विच नावाच्या पेटीतून पुढे जातात. बँडविड्थ म्हणजे कॅशिअरचा हात किती भरभर चालतो ते. १० गिगाबिटच्या केबलवर असे एक पॅकेट सुमारे १.२ मायक्रोसेकंदात निघून जाते. एवढा वेग असताना अडचण कसली?

अडचण पेन्शनच्या दिवसाची. महिनाभर काउंटर रिकामे आणि एक तारखेला सगळे एकदम दारात! डेटा सेंटरमध्ये एक संगणक चाळीस संगणकांना एकाच वेळी प्रश्न विचारतो, चाळीसही जण त्याच क्षणी उत्तर पाठवतात, आणि बाहेर पडायची केबल एकच. स्विचकडे वाट पाहणाऱ्यांसाठी थोडी जागा असते, तिला बफर म्हणतात. ती भरली की पुढचे पॅकेट सरळ टाकून दिले जाते. पाठवणाऱ्याला उत्तर आले नाही, तर तो थांबून पुन्हा पाठवतो. हे थांबणे अनेक संगणकांत किमान २०० मिलिसेकंदांचे असते. आम्ही हिशेब केला, तेवढ्या वेळात त्याच केबलवरून दीड लाखांहून अधिक पॅकेट गेली असती. म्हणजे केबल मोकळी, आणि ग्राहक मात्र खोळंबलेला.

उपाय बँकेतलेच. पहिला, शटर ओढणे: बफर भरत आला की स्विच मागच्याला "थांब" असा निरोप पाठवतो. पण शटर ओढले की लॉकरला आलेला आणि चेक भरायला आलेलाही बाहेरच राहतो. म्हणून पुढे आठ वेगवेगळ्या रांगा करून फक्त भरलेलीच रांग थांबवायची सोय निघाली. तिसरा उपाय आम्हाला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. रांग ठरावीक लांबीची झाली की जाणाऱ्या पॅकेटवर खूण करायची. ती पाहून पलीकडचा संगणक पाठवणाऱ्याला कळवतो आणि तो आपणहून हात आखडता घेतो. आपल्या कुंडी भंडाऱ्यात पाणी उताराने आपोआप येते. इथे उतार नाही, प्रत्येक वेळी कुणीतरी सांगावे लागते.

पण रांगेत पुढे कोण, हा प्रश्न वेगाने सुटत नाही, आणि तो पैशाचाही असू शकतो. मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने २०१० मध्ये दलालांना आपले सर्व्हर एक्स्चेंजच्याच आवारात ठेवायची सोय दिली. भाव आणि ऑर्डरींची प्रत्येक हालचाल त्या सर्व्हरांकडे जाई, पण एकेकाला, ओळीने. ज्याने सकाळी आधी जोडणी केली, त्याला माहिती आधी मिळण्याची शक्यता होती. फरक सेकंदाच्या अगदी बारीक भागाचा. पण संगणक सौदे करतो तेव्हा तोही मोजला जातो. समोरच्या बाजूला आपल्या म्युच्युअल फंडाचेही पैसे असतात, हे लक्षात घ्या.

२०१४ मध्ये मल्टिकास्ट आले. यात एक्स्चेंज माहिती एकदाच सोडते आणि स्विच तिच्या प्रती काढून सगळ्या दारांवर एकदम देतो. ओळीने देणे संपले. केबल जाड केली नाही, वाटण्याची रीत बदलली.

आधीच्या रीतीचा हिशेब मात्र बरीच वर्षे चालला. सेबीने ३० एप्रिल २०१९ रोजी एक्स्चेंजला ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह भरण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने ती वसुली रद्द केली, पण पुरेशी दक्षता न घेतल्याबद्दल १०० कोटी गुंतवणूकदारांच्या निधीत भरायला सांगितले. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने संगनमताचा आरोप पुरेशा पुराव्याअभावी निकाली काढला.