महसुली वर्षाचा पहिला दिवस

चैत्र प्रतिपदेस गुढी उभारली जाते, दिवाळीच्या पाडव्यास व्यापारी नव्या वह्या पूजतात; परंतु महाराष्ट्रातील जमिनीच्या हिशेबाचे जे स्वतंत्र वर्ष आहे, ते १ ऑगस्टला उघडते आणि ३१ जुलैस मिटते, याची वार्ता सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ज्यांचा सारा योगक्षेम अवलंबून आहे अशा कुटुंबांनाही क्वचितच असते. पर्जन्याच्या अनुरोधाने हिशेब मांडण्याची ही रीत जुनी आहे. मराठेशाहीच्या कागदपत्रांतील शुहूर सन मृग नक्षत्राबरोबर पालटत असे. आजचे महसुली वर्ष त्यानंतर काही आठवड्यांनी सुरू होते; खरिपाची पेरणी बहुधा उरकलेली असते, मागील दोन्ही हंगामांची वसुली व थकबाकी दप्तरात निश्चित झालेली असते, आणि तलाठ्याला नव्या सालाचे गावनमुने मांडावयाचे असतात. जमीन कोणाची हे नमुना सात सांगतो, तीत काय पिकले हे नमुना बारा सांगतो, आणि खातेदाराची एकूण धारणा आठ-अ मध्ये दिसते. महसूल खाते ही तारीख ‘महसूल दिन’ म्हणून पाळते व उत्तम सेवा करणाऱ्यांचा गौरव करते, हे योग्यच आहे.

याच तारखेस, १९२० साली, मध्यरात्र उलटल्यावर मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य टिळकांनी देह ठेवला. गिरगावच्या चौपाटीवर झालेला अंत्यविधी, तिरडीस खांदा देणारे महात्मा गांधी आणि असहकाराच्या आरंभासाठी आधीच मुक्रर झालेला तोच दिवस, हे सर्व सुपरिचित आहे. मला मात्र या तारखेस त्यांचे १८९६-९७ च्या दुष्काळातील कार्य अधिक आठवते. सरकारनेच केलेल्या दुष्काळविषयक नियमावलीत पीक बुडाल्यास सारा माफ करण्याची अथवा तहकूब ठेवण्याची तरतूद होती. ती रयतेला ठाऊक नव्हती, आणि ती ठाऊक करून देण्यात अंमलदारांना स्वारस्य नव्हते. ‘केसरी’तून आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांमार्फत टिळकांनी ते नियम मराठीत गावोगाव पोहोचविले, व ज्याच्या घरी खरोखरच काही नाही त्याने भांडी विकून किंवा सावकाराकडून कर्ज काढून सारा भरू नये, असे निर्भयपणे सांगितले. कायद्याबाहेरचे त्यात काहीच नव्हते. तरीही सरकारने १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेतली. हे स्मरताना दुसरी बाजूही लपविता येत नाही. टिळकांचे घराणे कोकणातील खोतांचे होते, आणि खोतीविषयक विधेयकाच्या वादात त्यांनी कुळांची नव्हे, खोतांची बाजू घेतली. साऱ्याच्या जुलमाविरुद्ध उभी राहणारी त्यांची दृष्टी खंडाच्या जुलमापर्यंत पोहोचली नाही, असे मला वाटते.

लोकमान्य गेले त्याच दिवशी वाळवे तालुक्यातील वाटेगाव येथे, एका मातंग कुटुंबात, तुकाराम भाऊराव साठे जन्मास आले. तेच अण्णा भाऊ. शालेय शिक्षण जवळजवळ नाहीच. बालवयातच घरच्यांबरोबर पायी मुंबई गाठलेली, गिरणीची मजुरी, १९४४ चे लाल बावटा कलापथक, आणि त्यातून फुललेली लोकनाट्ये, कथा व कादंबऱ्या, असे हे विलक्षण चरित्र १९६९ मध्ये अकालीच संपले. ज्या समाजाची कैफियत त्यांनी लिहिली त्याच्या नावे नमुना सातवर बहुधा काहीच नसे; सरकारच्या लेखी तो असे तो हजेरीच्या वहीत, कारण गुन्हेगार जमातींसंबंधीच्या कायद्याने जन्मतःच संशयित ठरविलेल्या माणसांना दररोज गावच्या पाटलापुढे उभे राहावे लागे.

‘फकिरा’ ही त्यांची कादंबरी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली, बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण झाली आणि १९६१ मध्ये राज्य शासनाच्या पुरस्कारास पात्र ठरली. दुष्काळात माणसे अन्नावाचून मरू लागतात, तेव्हा तिचा नायक धान्य लुटून भुकेल्यांना वाटतो आणि पुढे इंग्रजांच्या खजिन्यावर चालून जातो. तालुक्यातालुक्यांतील असे खजिने मुख्यतः शेतसाऱ्याच्या वसुलीनेच भरत असत, आणि दुष्काळातही तो वसूल करण्याचा हट्ट सरकार सोडीत नसे.