गर्भवती आणि कोरोनाची लस

“सुई दंडात, पण औषध पोटातल्या बाळाला लागणार नाही ना?” असे सुनांपेक्षा सासवाच अधिक विचारतात. लसीतील आरएनए पेशीकेंद्रात शिरत नाही. थोड्याच दिवसांत त्याचे विघटन होते. आईच्या रक्तात त्यामुळे निर्माण होणारी प्रतिपिंडे मात्र वारेतून बाळाला मिळतात.

खरे भय आजाराचे आहे. गरोदरपणी कोरोना झाल्यास अतिदक्षता विभागात जाण्याची आणि अकाली प्रसूतीची शक्यता वाढते. आपल्याच क्लालितने २०२१ मध्ये फायझरची लस घेतलेल्या १०,८६१ गर्भवतींची लस न घेतलेल्या तितक्याच गर्भवतींशी तुलना केली. दुसऱ्या मात्रेनंतर ७ ते ५६ दिवसांत लक्षणांसह होणारी लागण सुमारे ९७ टक्क्यांनी कमी आढळली.

लसीनंतर ताप आल्यास तो अंगावर काढू नये. पॅरासिटामॉल घ्यावे, डॉक्टरांना कळवावे.