उन्हाळ्यात ठरणारा गाळप हंगाम

जायकवाडीचा डावा कालवा होताच, पुढे गोदावरीवर ढालेगाव, मुदगल, डिग्रस असे बंधारे झाले आणि कापूस-ज्वारीच्या परभणी जिल्ह्यात उसाचे मळे दिसू लागले. आज गंगाखेडजवळ माखणी, पाथरी तालुक्यात लिंबा, परभणीजवळ आमडापूर, पूर्णा तालुक्यात कानडखेड इथे साखर कारखाने आहेत. दिवाळीच्या आसपास गाळप सुरू होऊ लागले की बातम्या येतात त्या उसाच्या दराच्या, तोडणीच्या टोळ्यांच्या, बॉयलर अग्निप्रदीपनाच्या. कंट्रोल व्हॉल्व्हची बातमी कधी येत नाही. पण कारखाना अखंड चालतो की रखडतो, हे बऱ्याच अंशी या व्हॉल्व्हवर अवलंबून असते.

याची रचना समजायला सोपी आहे. खाली बिडाचे किंवा पोलादाचे अंग, आत सीट आणि तिच्यावर दांड्याने वर-खाली होणारा प्लग. वर रबरी डायफ्राम आणि स्प्रिंग असलेला अॅक्च्युएटर, बाजूला पोझिशनर. कंट्रोल रूममधून ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल येतो, पोझिशनर तेवढी हवा देतो आणि प्लग सांगितला तेवढाच उचलला जातो. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत मार्शलटाऊन गावी विल्यम फिशर यांनी १८८० मध्ये पंपाचा दाब आपोआप सांभाळणारा गव्हर्नर तयार केला. आगीच्या वेळी गावाच्या पाण्याचा दाब रात्रभर हाताने सांभाळावा लागला, त्यातून त्यांना हे सुचले असे सांगतात. माणसाने जागून करायचे ते काम यंत्राकडे आले.

साखर कारखान्यात हे काम जागोजागी आहे. उसाचा मिश्र रस किंचित आंबट, ५.३ च्या आसपास पीएचचा असतो. त्यात चुना आणि गंधक जाळून केलेला वायू सोडून तो ७ च्या जवळ आणतात. चुन्याचा व्हॉल्व्ह अडकला आणि पीएच खाली राहिला, तर गरम रसातल्या साखरेचे ग्लुकोज-फ्रुक्टोज होते. ती साखर पोत्यात येत नाही, मळीत जाते. पीएच वर गेला तर रंग बिघडतो आणि इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत क्षार साचतात. शेतकऱ्याने वर्षभर पाणी देऊन वाढवलेल्या उसातली साखर एका अडकलेल्या दांड्यापायी वाया जावी, याचे मला फार वाईट वाटते.

निवडीत सगळ्यात जास्त चुका मापात होतात. पाइप सहा इंची म्हणून व्हॉल्व्हही सहा इंची, हा हिशेब सर्रास केला जातो. कंट्रोल व्हॉल्व्हचे कामच दाब खाऊन प्रवाह आवरण्याचे आहे, त्यामुळे तो पाइपापेक्षा एक माप लहान निघणे अगदी स्वाभाविक आहे. मोठा घेतला तर तो जेमतेम पाच-दहा टक्के उघडा राहतो. त्या चिंचोळ्या फटीतून वाफ किंवा पाणी सुसाट जाते, सीटवर चरे पडतात आणि प्रवाह सतत कमी-जास्त होत राहतो. म्हणून आधी किमान, नेहमीचा आणि कमाल प्रवाह लिहून काढायचा, प्रत्येक वेळचा अलीकडचा-पलीकडचा दाब लिहायचा, मग केव्ही काढायचा. एक बार दाबफरकाला तासाला किती घनमीटर पाणी जाईल, तो आकडा म्हणजे केव्ही. नेहमीच्या प्रवाहाला व्हॉल्व्ह ६० ते ८० टक्के उघडा असावा.

द्रव कोणता, हेही तितकेच महत्त्वाचे. चुन्याच्या पाण्यात कण असतात. ग्लोब व्हॉल्व्हच्या कोपऱ्यांत ते बसतात, म्हणून अशा लाइनला सरळ वाटेचा, रबरी अस्तराचा प्रकार टिकतो. कमी दाबाच्या मोठ्या व्हेपर लाइनला बटरफ्लाय पुरतो. बॉयलरच्या फीड वॉटरला मात्र काटकसर करू नये. बॉयलर पेटवताना प्रवाह थोडा आणि पंपाचा दाब पूर्ण असतो. अरुंद जागी दाब इतका पडतो की गरम पाण्यात बुडबुडे होतात आणि पुढे दाब वाढताच ते फुटून धातूला खड्डे पाडतात. तिथे कठीण लेपाचा, टप्प्याटप्प्याने दाब उतरवणारा ट्रिमच, म्हणजे सीट-प्लगचा संच, हवा. हवा गेली तर व्हॉल्व्हने कोणती बाजू धरायची, हेही खरेदीआधीच ठरवायचे: फीड वॉटरचा सहसा उघडा किंवा आहे तिथेच राहील असा, वाफेचा दाब उतरवणाऱ्या स्टेशनचा सहसा बंद होईल असा.

देखभालीचे खरे दिवस गाळप संपल्यावर येतात. तेव्हा परभणीत पारा चाळिशीच्या वर असतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये फिटर व्हॉल्व्ह उघडून बसलेले असतात. रसाच्या लाइन आधी गरम पाण्याने धुवायच्या, कारण आत राहिलेला रस आंबून धातू खातो. सीट घासून जुळवायची, कडक झालेला डायफ्राम बदलायचा, दांड्याभोवतीच्या ग्लँडमध्ये नवे पॅकिंग भरायचे: साधारण तापमानाला टेफ्लॉन, जास्त तापलेल्या वाफेला ग्राफाइट. गळती दिसली की ग्लँड आवळत राहण्याची सवय घातक आहे. दांडा जखडतो, मग सिग्नल बदलला तरी हलत नाही आणि हलला की एकदम उडी मारतो. पावसाळ्यात हवेतला ओलावा वाढतो. व्हॉल्व्हची हवा कोरडी करणारा ड्रायर नीट नसेल तर तेच पाणी पोझिशनरच्या बारीक छिद्रांत जाते.

जोडणी झाल्यावर ४, ८, १२, १६, २० मिलिअँपिअर देऊन दांडा शून्य, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण उचलला जातो का, ते पट्टीवर पाहायचे. चढताना आणि उतरतानाही. दोन्हींत फरक आला तर घर्षण किंवा सांध्यातली ढिलाई शोधायची.

आणि बायपास. हंगामात व्हॉल्व्ह बिघडला की बाजूची वाट हाताने उघडून गाळप चालू ठेवतात. तोडलेल्या उसातली साखर तासातासाला घटत असते, यार्डात ट्रॅक्टर आणि बैलगाड्या थांबलेल्या असतात, म्हणून त्या वेळी ते बरोबरच. पण बायपासवर सगळे सुरळीत चाललेय म्हणून व्हॉल्व्हकडे महिनोन् महिने कुणी पाहत नाही. प्रत्येक बायपास कधी उघडला, का उघडला, याची नोंद त्याच शिफ्टला व्हायला हवी आणि त्या नोंदवहीवरूनच उन्हाळ्यातल्या कामांची आणि सुट्या भागांची यादी निघायला हवी. डायफ्राम, पॅकिंग, सीट-प्लगचा जोड पुण्याहून मागवायचा तर तो मे महिन्यात मागवावा. हंगामाच्या तयारीतल्या रोलर पूजनानंतर नव्हे.